झिंग्यांची शिदोरी

आमचा जुना फ्रिज बिघडला तेव्हा घरात त्याचे दोन दावेदार निघाले. सासूबाईंना तो तुरीची डाळ ठेवायला हवा होता. दार घट्ट लागतं, उंदीर शिरत नाही, सोंडेकिडे होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मला तो आडवा पाडून, दार काढून, त्यात पाणी भरायचं होतं. माझा भाऊ अकोल्याला भाड्याच्या खोलीत काचेच्या टाकीत लाल झिंगे पाळायचा. त्याची बदली झाली, नव्या घरमालकाला पाणी चालेना, म्हणून त्याने टाकीतले झिंगे एका बादलीत घालून माझ्या मांडीवर दिले. एसटीत ती बादली सांभाळत सासरी आसेगावला येईपर्यंत माझे पाय बधिर झाले होते. आता एवढं करून आणल्यावर त्यांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न फ्रिजनेच सोडवला. फ्रिजच्या भिंती जाड असतात. आत थंडी राहावी म्हणून केलेल्या, म्हणजे बाहेरचं ऊनही त्या सहज आत सोडत नाहीत. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्याला याहून बरं भांडं मिळालं नसतं.

फ्रिज मला मिळाला, कारण नवऱ्याने माझी बाजू घेतली.  दोन दिवसांनी सासूबाई ओसरीवर आल्या, आडव्या फ्रिजमध्ये वाकून पाहिलं आणि विचारलं, हे खायचे आहेत का. मी म्हटलं, नाही, पाहायचे. बाजारात सुके झिंगे मापाने मिळतात, त्यांची चटणी होते, हे त्यांना ठाऊक. नुसते पाहायचे झिंगे ही गोष्ट त्यांनी त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगितली असावी, कारण एकेक करून सगळ्या पाहायला आल्या.

मी ते हौसेने आणले होते. पण झिंग्यांना हौस कळत नाही, त्यांना पिल्लं कळतात. वर्ष होत आलं तोवर फ्रिजमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणजे त्यांच्या पायांना. फोनवर पाहिलं तर शहरांत लोक हे विकत घेतात, घरपोच मागवतात. मलाही वाटलं, आपण का नाही.

हे मला का इतकं हवं होतं, ते सांगून टाकते. मी या घरात आले तेव्हा सगळं आधीच ठरलेलं होतं. शेतात सोयाबीन कुठे आणि कापूस कुठे, हे नवऱ्याचं. चूल सासूबाईंची. गोठाही त्यांचाच. मी प्रत्येक ठिकाणी मदतीला होते आणि माझं असं कुठेच काही नव्हतं. कोणी छळ केला नाही, उलट माणसं चांगली. पण चांगल्या माणसांच्या घरातही आपलं काही नसलं की आतून रिकामं वाटतं. तो फ्रिज माझा होता. त्यातला प्रत्येक जीव मी आणलेल्या बादलीतून वाढलेला होता.

नाशिकचा एक दुकानदार मिळाला. काचेच्या टाक्या, मासे, त्यांचं खाणं, असं त्याचं दुकान. फोनवर बोलायला मऊ, मला ताई म्हणायचा. त्याने थोडे झिंगे नमुन्याला मागवले आणि नीट पोचले तर नेहमी घेईन म्हणाला. 

झिंगे पाठवायची एक रीत आहे. मी ती फोनवर पाहून पाहून शिकले होते. पिशवी जाड हवी. पाणी थोडं, हवा त्याच्या दुप्पट, कारण रस्त्यात त्यांना पाण्यापेक्षा हवेचा तुटवडा पडतो. पाणी त्यांच्या टाकीतलंच, जुनं. पिशवीचे खालचे दोन कोपरे दुमडून चिकटपट्टीने बंद करायचे, नाहीतर झिंगे कोपऱ्यात शिरतात आणि तिथेच चेंगरतात. ती पिशवी उलटी करून तिच्यावर दुसरी पिशवी चढवायची. मग कागद, मग थर्माकोलचा डबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आदल्या दिवशी त्यांना खायला द्यायचं नाही.

ही शेवटची गोष्ट मी सासूबाईंना सांगितली तेव्हा त्या माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, जणू मी सून नसून कोणी वैरीण होते.

"इतल्या लांब जातीन थे, अन् उपाशी?" त्या म्हणाल्या. "आपल्या घरातून आजवर कोनी उपाशी नाई गेलं."

हे अगदी खरं होतं. आमच्याकडे विजेचं मीटर पाहायला आलेला माणूसही चहापोहे खाल्ल्याशिवाय सुटत नाही. मुक्कामाला कोणी येऊन गेलं की जाताना त्याच्या पिशवीत भाकरी, ठेचा, वरून शेंगदाण्याची चटणी, हे असणारच. बस फाट्यावर येऊन उभी असली तरी सासूबाई हातात फडकं घेऊन पळत येतात आणि चालकाला थांबवून ठेवतात. त्या मार्गावरचे चालक त्यांना ओळखतात. मी हसून म्हटलं, आई, झिंग्यांचं वेगळं असतं. आणि कामाला लागले.

पिशवी बांधणं एकट्याचं काम नाही. एकाने तोंड धरायचं, दुसऱ्याने पिळा घालून रबर चढवायचं. पिशवी धरायला सासूबाईच असायच्या. थर्माकोलचे डबे मी कारंज्याच्या औषधांच्या दुकानातून मागून आणलेले, त्यांत इंजेक्शनं येतात. डबा बांधून, वर जाड पेनाने ‘जिवंत जीव, उन्हात ठेवू नये’ असं लिहून मी शेलूबाजारला गेले. जीपमध्ये डबा मांडीवर. कुरिअरच्या दुकानातल्या माणसाने डब्याला कान लावला आणि आवाज तर काहीच येत नाही म्हणाला. मी म्हटलं, झिंगे आहेत, कोंबड्या नाहीत.

पहिलं पार्सल मेलेलं पोचलं. 

दुकानदाराने फोटो पाठवला. पाणी गढूळ, तळाशी सगळे पांढरे पडलेले. मेलेला झिंगा शिजल्यासारखा दिसतो. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि मग फोन उलटा ठेवला. दुकानदार म्हणाला, होतं असं पहिल्यांदा. मला ते पटलं नाही. मी माझा सगळा राग शेलूबाजारच्या माणसावर काढला. जाऊन विचारलं, डबा उन्हात ठेवला होता का. तो म्हणाला, बाई, तुमचा डबा मी माझ्या पंख्याखाली ठेवला होता, मी स्वतः उन्हात होतो. तरी माझा राग गेला नाही.

दुसरं पार्सलही मेलेलं पोचलं. या वेळी मी घरात संशयित शोधायला लागले. पहिला संशय नवऱ्यावर. कापसावर फवारणी करून आलेला हात पाण्यात बुडाला तर झिंगे वाचत नाहीत, हे मी त्याला शंभर वेळा सांगितलेलं. तो म्हणाला, मी त्या फ्रिजच्या बाजूने जातानासुद्धा हात खिशात घालतो. मग संशय पाण्यावर. आमच्या घरात शिळं पाणी म्हणजे लाजेची गोष्ट. रोज सकाळी सासूबाई पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, ओतून, घासून, नवं भरतात. झिंग्यांचंही पाणी बदललं की काय, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिलं होतं. मी तो प्रश्नच चुकीचा विचारला होता.

एक गोष्ट मला छळत होती. पाठवलेले मरत होते आणि फ्रिजमधले मजेत होते. पिल्लं होत होती, कातडी टाकत होते, शेवाळावर चरत होते. म्हणजे जे काही होत होतं ते माझ्या ओसरीपासून नाशिकपर्यंत कुठेतरी होत होतं. मी दुकानदाराला सांगितलं, आणखी एकदा पाठवते, पण या वेळी डबा उघडायच्या आधीपासून व्हिडिओ काढा. मला सगळं पाहायचंय.

तो व्हिडिओ मी गोठ्याजवळ उभी राहून पाहिला. डबा नीट, कागद कोरडा, पिशव्या गच्च फुगलेल्या. म्हणजे हवा होती, गळती नव्हती. पाणी मात्र तांदळाच्या धुवणासारखं पांढरं. झिंगे तळाशी. दुकानदाराने पिशवी कापली, पाणी एका भांड्यात ओतलं आणि चिमट्याने काहीतरी उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. ते फुगून मऊ झालं होतं, एका कडेला काळा डाग होता.

"ताई," तो म्हणाला, "ही ज्वारीची भाकरी आहे का हो?"

ती भाकरीच होती. आमच्याच तव्यावरची. तवा एका बाजूने वाकलेला आहे, तिथे भाकरी नेहमी करपते. तो काळा डाग मी कुठेही ओळखला असता.

सासूबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि लपवाछपवी न करता सांगितलं. मी रबर आणायला आत जाते तेवढ्यात त्या पिशवीत भाकरीचा तुकडा टाकत होत्या. प्रत्येक पिशवीत, तिन्ही वेळा, आणि तो तळाच्या चिकटपट्टीआड बसायचा म्हणून मला दिसला नाही. आदल्या दिवशी मी उपाशी ठेवलेल्यांनाही त्या माझ्या मागे भाकरी कुस्करून घालत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव नव्हता. एखाद्याने पाहुण्याला जेवू घातलं आणि कोणी त्याबद्दल जाब विचारला, तर तो माणूस जसा गोंधळेल, तशा त्या गोंधळल्या होत्या.

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणाले, "तुमी मारले त्यायले, आई."

त्यांनी सूप उचललं, डाळ डब्यात भरली आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, भूक नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी भांडी आवरली. मला माझंही वाईट वाटत होतं आणि झिंग्यांचंही, आणि दोन्हींत कोणाचं जास्त हे ठरत नव्हतं.

त्याच संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला होता. भाकरीवरून तो हसला नाही. त्याने सांगितलं की होळीनंतर तो बाहेरून काहीच मागवत नाही, गरमीत जीव टिकत नाहीत. होळीच्या आत आणखी एक पार्सल पाठवून पाहा. पण तेही तसंच आलं तर मग नको. "नुकसानीचं नाही ताई," तो म्हणाला. "मला मेलेले डबे उघडवत नाहीत."

मलाही ते पाठववत नव्हते. मी मनाशी ठरवून टाकलं. हे शेवटचं. हे मेलं तर उरलेले झिंगे अकोल्यातल्या कोणा हौशी माणसाला देऊन टाकायचे, फ्रिज उभा करायचा, दार बसवायचं आणि त्यात तुरीची डाळ भरायची. सासूबाईंची इच्छा तेवढी पूर्ण होईल. हे ठरवताना मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

सकाळी मी ओसरीवर आले तर सासूबाई फ्रिजजवळ पाट टाकून बसल्या होत्या. त्या झिंग्यांकडे पाहत होत्या. मी जवळ गेले तरी मान वर केली नाही. मग त्या बोलायला लागल्या. मला इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट होती ती.

लहानपणी त्यांचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. तांड्यातली सगळी घरं एका ट्रकमध्ये, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं एकावर एक. एका वर्षी निघायच्या वेळी घरात पीठच नव्हतं. त्यांच्या आईने फडकं तर बांधलं, पण त्यात नुसतं मीठ आणि मिरच्या होत्या. ट्रक दिवसभर चालला. शेजारच्या घरातली पोर भाकरी खात होती आणि त्या तिच्या हाताकडे पाहत होत्या. आईने त्यांची मान दुसरीकडे वळवली, तरी त्या पाहत होत्या. शेवटी त्या पोरीच्या आईने अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

"थे बाई कोन होती, मले मालूम नाई," सासूबाई म्हणाल्या. "पन पोटात काई नसलं का रस्ता लंबा होते. मले हे मालूम हाये. म्हनून मी कोनाले तसं जाऊ देत नाई."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. रात्रभर मी काय काय बोलायचं याची जुळवाजुळव केली होती, त्यातलं काहीच उपयोगाचं राहिलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, त्या ट्रकमध्ये कोणी पोर ओकलं होतं का. त्या म्हणाल्या, ओकलं होतं की, घाटात. मग काय केलं? काय करणार, ट्रक थांबवला, पोराला उतरवलं, पाण्याने धुतलं. मी म्हटलं, या पिशवीला थांबा नाही, आई. पोटात गेलेलं बाहेर येणार, ते त्याच पाण्यात. वरून भाकरी भिजून सडणार, तीही त्याच पाण्यात. आणि श्वासही त्यांना त्याच पाण्यातून घ्यायचा. दार नाही, खिडकी नाही, उतरायला जागा नाही.

त्यांनी बोटाने फ्रिजमधलं पाणी हलवून पाहिलं.

"मंग माह्या भाकरीनंच मेले थे," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. खोटं बोलले असते तर त्यांनाही ते कळलं असतं. पण एवढंही सांगितलं की झिंग्यांचं पोट म्हणजे तिळाएवढं, त्यांना दोन-तीन दिवस काही मिळालं नाही तरी ते काही तडफडत नाहीत. हे त्यांना पटलं नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तीन दिवस उपाशी राहून कोणी तडफडत नाही, असं सांगणाऱ्या सुनेकडे त्यांनी फक्त एकदा पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, "याईच्या खान्यात सडत नाई असं काई हाये का?"

हा प्रश्न मला कोणत्याच व्हिडिओत कोणी विचारला नव्हता. आणि उत्तर आमच्या नाकासमोर तरंगत होतं. फ्रिजमध्ये सगळीकडे हिरवं, मऊ, दोऱ्यादोऱ्यांचं शेवाळ वाढलेलं आहे. झिंगे दिवसभर त्यावर चिकटलेले असतात. त्यावर बारीक चिकट थर बसतो, तो ते आपल्या चिमटीएवढ्या हातांनी खरवडून खातात. शेवाळ जिवंत असतं, ते सडत नाही. उलट डबा हलला, आपटला, तर झिंग्यांना धरायला काहीतरी असतं. पिशवीत शेवाळाचा तुकडा घालावा, हे मी वाचलं होतं. पण शेवाळाचंही गिऱ्हाईक असतं, म्हणून मी ते वेगळं विकायला राखून ठेवत होते आणि झिंग्यांबरोबर फुकट द्यायला माझा हात धजत नव्हता.

मी एक झुबका उपटून सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. त्याला लटकून एक पिल्लूही आलं, ते त्यांनी बोटाने अलगद पाण्यात सोडलं. मी म्हटलं, ही यांची भाकरी. त्यांनी तो झुबका उलटसुलट करून पाहिला, वास घेतला आणि म्हणाल्या, यात मीठ नाही, तेल नाही, पण चालेल.

होळीच्या आधीच्या सोमवारी ते पार्सल गेलं. सोमवारीच, म्हणजे मधे रविवार येऊन डबा कुठल्या गोदामात अडकायला नको. आदल्या दिवशी मी फ्रिजवर पहाऱ्याला बसणार होते. पण गरज पडली नाही, कारण सासूबाईच तिथे बसल्या होत्या. कोणी पोरं खाऊ घेऊन ओसरीवर आली तरी त्या हाकलत होत्या. इतकंच नाही, त्यांनी स्वतः त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. मी रागावले. वयाचा विचार करा म्हटलं. त्या म्हणाल्या, सोमवारचा उपास करतात तसा मी रविवारचा केला, तुझं काय गेलं. चहा मात्र घेत होत्या.

झिंगे निवडायला मी जाळी घेतली. सासूबाई वाकून एकेक तपासत होत्या. ज्यांच्या पोटाखाली अंडी दिसत होती त्या माद्यांना त्यांनी जाळीतून परत सोडायला लावलं. पोटुशीला इतक्या लांब कोणी धाडतं का, तिला इथेच राहू दे, बाळंत होऊ दे, मग पाहू. रीतही तेच सांगते, प्रवासात त्या अंडी टाकून देतात. या एका बाबतीत सासूबाईंचं आणि फोनवरच्या सगळ्या जाणकारांचं एकमत होतं.

पाणी भरलं, कोपरे चिकटवले, झिंगे सोडले. मग मी पिशवीचं तोंड धरलं आणि सासूबाईंना म्हटलं, आता तुम्ही घाला. त्यांनी प्रत्येक पिशवीत शेवाळाचा झुबका घातला. आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग घातला. झिंगे लगेच त्याला जाऊन बिलगले. हे पाहून त्या पहिल्यांदा हसल्या.

डब्यात भरायला कागद मी काढून ठेवला होता, तो त्यांनी बाजूला सारला. फरदडीचा कापूस आणला. वेचण्या संपल्यावर झाडाला जो शेवटचा, कमी प्रतीचा कापूस येतो तो फरदड. त्याला बाजारात भाव नाही, आम्ही तो गाद्यांत भरतो. सासूबाईंच्या हातची गादी वर्षानुवर्षं गोळा होत नाही. तशाच हाताने त्यांनी पिशव्यांभोवती कापूस बसवला, कोपऱ्यात बोटांनी दाबून, मधे सैल. वर शेजारणीकडून गोठवून आणलेल्या पाण्याची एक छोटी बाटली कागदात गुंडाळून ठेवली. झाकण लावायच्या आधी त्यांनी डब्यावर हात ठेवला. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

शेलूबाजारच्या माणसाने डबा घेतला आणि या वेळी कान लावला नाही. या खेपेला काय घातलंय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, या खेपेला सासूबाईंनी बांधलाय. तो म्हणाला, मग पोचेल.

आणि मग वाट पाहणं. पार्सल कुठवर गेलं ते फोनवर दिसतं. मला ते पाहायचं नव्हतं, पण सासूबाई सारखं विचारायच्या. कुठी गेले? वाशीम. आता कुठी? संभाजीनगर. मग एक अख्खा दिवस ते संभाजीनगरच राहिलं. नवरा म्हणाला, आराम करत असतील. कोणी हसलं नाही. बाहेर ऊन चढत होतं, दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा, आणि मला त्या प्रत्येक आवाजासरशी डब्यातली ती छोटी बाटली आठवायची. ती केव्हाच वितळली असणार. माझा जीव टांगणीला लागला होता. मी फ्रिजकडे जायचं टाळत होते, कारण तिकडे गेलं की मला त्यात तुरीची डाळ दिसायची.

ज्या दिवशी पार्सल नाशिकला पोचलेलं दिसलं, त्या सकाळी सासूबाईंनी न्याहारी घेतली नाही. पोटात बरं नाही म्हणाल्या. दुपारी ताट वाढलं तर म्हणाल्या, थांब जरा. त्या ओसरीवर पाटावर बसल्या होत्या. मी बाजूला भाजी निवडत होते. ती निवडून झाली होती, तरी मी निवडत होते. नवरा शेतातून दुपारचाच घरी आला होता आणि कशासाठी आला ते त्याने सांगितलं नाही.

दुकानदाराने व्हिडिओ पाठवला नाही. थेट फोन केला, चेहरा दिसतो तसा. माझे हात इतके ओले झाले की फोन उचलला जाईना. नवऱ्याने तो उचलून माझ्यासमोर धरला. पडद्यावर आधी दुकानाचं छत दिसलं, मग काचेचं भांडं, आणि मग पिशवी.

पाणी स्वच्छ होतं. पलीकडची त्याची बोटं दिसत होती, इतकं स्वच्छ. मधोमध हिरवा झुबका, आणि त्याला सगळीकडून लाल लाल झिंगे धरून बसलेले. त्याने पिशवी हलकेच हलवली, तसा एक सुटून पोहत निघाला, गोल फिरला आणि परत झुबक्याला येऊन चिकटला. दुकानदार काहीतरी बोलत होता, सगळे जिवंत आहेत, एकही गेला नाही, होळी झाली की थांबू आणि पाऊस लागला की परत सुरू करू, दर पंधरवड्याला पाठवा, असं काहीतरी. मला अर्धं ऐकू आलं. मी रडत होते आणि या वेळी मला त्याचा राग आला नाही.

सासूबाईंनी फोन आपल्याकडे ओढला. डोळ्यांच्या इतका जवळ नेला की दुकानदाराला त्यांचं फक्त कुंकू दिसत असणार.

"खाऊन राह्यले का थे?" त्यांनी विचारलं.

दुकानदाराला आधी कळलं नाही. मग त्याने कॅमेरा पिशवीला अगदी खेटून धरला. झुबक्याच्या टोकाला एक झिंगा बसला होता. त्याचे ते दोन बारीक हात एकामागून एक शेवाळावर जात होते आणि तोंडाकडे येत होते, जात होते आणि येत होते, जराही न थांबता, जसा माणूस फार लांबच्या प्रवासात मिळालेली शिदोरी खातो.

सासूबाई पाहत राहिल्या. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पाटावर नीट मांडी घातली.

"वाढ वं मले आता," त्या म्हणाल्या. "भूक लागली."